होळीच्या वाशांची शाळा

पळसगाव,
ता. २५ नोव्हेंबर १९६३

चि. सयाजी यास,
मालोजीचे अनेक आशीर्वाद.

एक आनंदाची बातमी कळवतो. बसून वाच, कारण उभ्याने वाचताना टेकायला तुझ्या शाळेत भिंत नाही. शिक्षण खात्याच्या आपल्या साहेबांनी 'जोडशाळा' नावाची योजना काढली आहे. मोठ्या शाळेने शेजारच्या लहान शाळेचा हात धरायचा, तिला साहित्य द्यायचे, गुरुजींनी एकमेकांच्या शाळेत जाऊन शिकवायचे आणि मिळून दोन्ही शाळा सुधारायच्या. पोलादपूरच्या सभेत साहेबांनी जोड्या वाचून दाखवल्या, तेव्हा पळसगावच्या पुढे कोंडमाथा हे नाव आले. तू माझा मेहुणा आहेस हे साहेबांना ठाऊक नाही आणि मीही बोललो नाही. लग्नात तुमच्या घराशी एकदा जोडला गेलो तेवढे पुरे होते, पण वरून हुकूम आल्यावर कोणाचे चालते?

योजनेप्रमाणे मी मोठा आणि तू लहान. घरातही तसेच आहे, म्हणून तुला जड जाऊ नये. माझ्या शाळेला दोन खोल्या, मंगलोरी कौले आणि माझ्या हाताखाली एक शिक्षक आहे. तुझी शाळा जननीच्या देवळाच्या पडवीत भरते आणि गुरव आरतीला आला की सुटते. तेव्हा सुधारणेला तुमच्याकडे भरपूर वाव आहे.

तुमचा महिपत हिरडे विकायला खाली आला होता. त्याच्याबरोबर एक फळा, भारताचा नकाशा आणि पृथ्वीचा गोल पाठवत आहे. वस्तू जपून वापर. आता दर शनिवारी सकाळी मी वर यायचे आणि तू खाली जायचे असे ठरवू. तुझी आक्का खुशाल आहे. शनिवारी तुला जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणते.

तुझा,
मालोजी


कोंडमाथा,
ता. ३ डिसेंबर १९६३

ती. भावोजींच्या सेवेशी,
सयाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

साहित्य पोचले. महिपतने पृथ्वीचा गोल घोंगडीखाली पोटाशी धरून आणला, त्यामुळे वाटेतल्या बायकांनी त्याची फार काळजीने विचारपूस केली.

फळा पाहून आनंद झाला. तो इतका पांढरा झाला आहे की खडूने लिहिलेले दिसत नाही. आम्ही कोळशाने लिहितो. मुलांची समजूत अशी झाली आहे की मोठ्या शाळांत असेच लिहितात. नकाशातले कोकण उंदरांनी खाल्ले आहे. शकूने विचारले, "गुरुजी, आपला गाव कुठं गेला?" मी सांगितले, पळसगावच्या उंदरांच्या पोटात. ही शकू म्हणजे हैबती गावकरांची नात, तिसरीत आहे. बाप मुंबईला गिरणीत असतो आणि त्याची पत्रे तीच साऱ्या वाडीला वाचून दाखवते, तेव्हा तिच्यापुढे जपून बोलावे लागते. गोल फिरत नाही. अमेरिकेच्या जागी खड्डा आहे. तरी त्याची आबाळ होत नाही, कारण देवळात ठेवल्यामुळे म्हाताऱ्या रंगूबाईने पहिल्याच दिवशी त्याला कुंकू लावले.

लहान शाळेनेही मोठीला काही द्यावे असे योजनेत असेलच. भिंत देता येत नाही. पण आमची मुले खालूबाजाच्या ठेक्यावर पाढे म्हणतात आणि एकदा म्हटलेला पाढा विसरत नाहीत. शनिवारी येऊन तुमच्या मुलांना ते शिकवतो. तुमची खोली बंदिस्त आहे, आवाज घुमेल. कौले नीट बसवून घ्या.

आक्काला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सयाजी


पळसगाव,
ता. १६ डिसेंबर १९६३

चि. सयाजी यास,
आशीर्वाद.

दोन शनिवार झाले. माझे गुडघे अजून माझ्याशी बोलत नाहीत. तुमचा डोंगर थोडा कमी करता येतो का, हे साहेबांना विचारणार आहे.

तुझ्या शाळेत शिस्त नाही. मी 'सावधान' म्हणालो तर सगळी मुले मागे वळून पाहू लागली, जनावर आले की काय म्हणून. भागाकार सांगत होतो. तुझ्या त्या शकूने विचारले, "बाकी उरली ती कुणाची?" मी म्हणालो, कोणाची नाही, ती नुसती उरते. तर म्हणाली, "उरलेलं कुणाचं तरी असतंयच." इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पुढच्या शनिवारी उत्तर देईन म्हणून सांगितले आहे. तुझ्या राहीबाईने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. चटणी चांगली होती, हे तिला सांगितले तरी चालेल.

इकडे तुझ्या पाढ्यांनी कहर केला आहे. मुले बाकांवर ठेका धरतात आणि माझे मदतनीस शिक्षक येसाजी कानात कापूस घालून शिकवतात. पाढे मात्र सगळ्यांना येऊ लागले हे नाइलाजाने कबूल करतो.

आता एक गोष्ट. साहेब शिमग्यानंतर दोन्ही शाळा पाहायला येणार आहेत. ज्या शाळेला स्वतःची खोली नाही ती बंद करून तिची मुले जोडशाळेत घालावीत, असे त्यांचे मत पडले. मी तुझ्या बाजूने पुष्कळ बोललो. पण साहेबांचे मत पक्के दिसते. तू वाईट वाटून घेऊ नको. पळसगाव काही मुलांना परके नाही.

तुझा,
मालोजी


कोंडमाथा,
ता. २० जानेवारी १९६४

ती. भावोजींस,
शि. सा. नमस्कार.

पळसगाव परके नाही, पण मधला वहाळ परका आहे. पावसाळ्यात त्यात जाणता माणूस उतरत नाही, हे आपण सासुरवाडीला येऊन अडकून पडलात तेव्हा पाहिले आहे. मुलगे चार महिने घरी बसतील. मुली कायमच्या बसतील. गावकीच्या बैठकीत हैबती गावकरांनी सरळ सांगितले, "पोरगी खाली धाडायची नाय. हितं शिकंल तवर शिकंल." शकू तिथेच बसली होती. नंतर मला म्हणाली, "गुरुजी, मंग बाबाची पत्रं कोण वाचील?"

म्हणून गावाने मनावर घेतले आहे. देवळामागे दगडमातीचे जोते झाले. कारवीचे कूड करू, वर पेंढा घालू. अडले आहे ते खांब आणि वाशांशी. आमच्या अंगावर जंगल आहे, पण त्यातले झाड तोडायची परवानगी नाही.

आता आपल्याला विचारायचे ते हे. गेल्या शनिवारी मी आपल्या शाळेमागे सागाचे खांब आणि वासे रचलेले पाहिले. तासलेले, तेल दिलेले, आणि शेंड्याला तांबड्या रंगात 'प. शा.' लिहिलेले. ते कशासाठी आहेत? जोडशाळेसाठी असतील तर आधीच आभार मानून ठेवतो.

आपला,
सयाजी


पळसगाव,
ता. २७ जानेवारी १९६४

चि. सयाजी यास,
आशीर्वाद.

तुझी नजर चांगली आहे, ती शिकवण्याकडे लाव. ते लाकूड स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे आहे. माझ्याच बांधावरचे साग मी तोडून नारळ फोडून शाळेला अर्पण केले. गावाने टाळ्या वाजवल्या. त्यामुळे आता ते माझे राहिलेले नाही. माझे असते तर उद्याच पाठवले असते, हे तू जाणतोसच.

त्याऐवजी आमची जुनी घंटा पाठवतो. वाजत नाही, पण टांगली की शोभते. साहेबांना लांबून दिसेल अशी टांग.

भागाकाराच्या बाकीचे उत्तर मी शकूला दिले ते तिला पटले नाही. पुन्हा विचार करतो आहे.

तुझा,
मालोजी


पळसगाव,
माघ, महाशिवरात्र झाल्यावर

चि. सयाजी यास आक्काचा आशीर्वाद.

मीच लिवतेय, दचकू नको. तुझे भावोजी बायांचा वर्ग घेतात ना, त्यात मागं बसून शिकले. त्यांना वाटतं मी कंदिलाची वात सारखी करायला येते. अजून सांगितलं नाय. येळ आली की सांगीन.

ते लाकूड मंडपाचं नाय. सागाचा मंडप कुणी घालतो काय रे? तिसरी खोली बांधायची हाय. तुमची पोरां हितं आली की सातवी निघते, नि सातवी निघाली की हे हेडमास्तर. पाटी बी रंगवून आणलीय महाडासनं. 'श्री. मालोजीराव, मुख्याध्यापक' अशी. माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलीय. रोज काढून बघतात नि परत गुंडाळतात. साहेबापुढं तुझ्या बाजूनं बोलले म्हणतात ते बी तसंच. येसाजी मास्तर सांगत हुते, सभंत तोंड उघडलं नाय म्हणून.

माणूस वाईट नाय. शनवारी तुमच्याकडनं आले की जेवताना शकूच्याच गोष्टी. पण पाटी बघितली की शकू इसरतात.

शिमगा जवळ आलाय. व्हळीसाठी दुसऱ्या गावचं लाकूड पळवलं तर ती चोरी नव्हं, नि ज्याचं गेलं त्यानं एक शबूद बोलायचा नाय, हे आपल्याकडं तान्ह्या पोराला ठावं हाय. मी काय बोलले नाय. लाकूड शाळंच्या मागं हाय. तिथं आमचं कुत्रं असतंय, पण कुठला शनवार ते आधी कळलं तर मी त्याला बांधून ठेवीन.

तुझी आक्का,
चंद्रभागा


कोंडमाथा,
ता. १५ मार्च १९६४

ती. भावोजींस,
शि. सा. नमस्कार.

येत्या शनिवारी, म्हणजे ता. २१ला, आपण न चुकता यावे अशी मुलांची फार इच्छा आहे. आपण 'गावच्या चालीरीती' हा धडा घ्यावा. शिमगा तोंडावर आहे, तेव्हा होळीच्या प्रथेबद्दल चार शब्द सांगितलेत तर मुलांना गावाचा अभिमान वाटेल. आपल्यासारखे समजावून सांगणे मला जमत नाही.

मी त्या दिवशी आपल्या मुलांना सावित्रीच्या काठावर नेऊन दगड-धोंड्यांचा पाठ घेणार आहे. येसाजी गुरुजींनाही बरोबर नेतो, त्यांच्या कानांना जरा मोकळी हवा लागेल. शाळेकडे कोणी राहणार नाही, पण काळजी नसावी. दिवसाढवळ्या तिथे कोण येते?

लाकडाबद्दल मी मागे विचारले ते विसरून जावे. आपली अडचण मला समजली.

आपला नम्र,
सयाजी


पळसगाव,
ता. २२ मार्च १९६४

सयाजी,

आशीर्वाद नाहीत.

मी शनिवारी तुझ्या पडवीत उभा राहून तुझ्या मुलांना सांगत होतो की होळीसाठी लाकूड पळवणे ही आपल्या पूर्वजांची खेळकर रीत आहे, तिने गावात एकी राहते आणि ज्याचे लाकूड गेले त्याने हसून सोडून द्यावे. हे मी फळ्यावर कोळशाने लिहिलेही. तेवढ्यात डोंगराच्या मागच्या वाटेने ढोल आणि 'होळी रे होळी'चा आवाज आला. मुले म्हणाली, "गुरुजी, व्हळीची लाकडं आली!" मी म्हणालो, चला, प्रत्यक्षच पाहू.

तुमचे लोक लाकडे घेऊन चढत होते. वासा न् वासा आंब्याच्या डहाळ्यांनी आणि पळसाच्या फुलांनी झाकलेला, वर गुलाल. मी मुलांना रांगेत उभे करून टाळ्या वाजवायला लावले. शेवटच्या चढणीला महिपत दमला, म्हणून एक वासा मी माझ्या खांद्यावर घेतला. सयाजी, मी तो वाजतगाजत होळीच्या माळापर्यंत नेला. हैबती गावकरांनी मला टिळा लावला. राहीबाईने ओवाळले. मी म्हणालो, लाकूड जड आहे, चांगल्या जातीचे दिसते. त्यावर सगळे हसले. मला वाटले, माझ्या बोलण्यातल्या गोडव्याला हसले.

घरी आलो तर शाळेमागची जागा मोकळी. कुत्रे बांधलेले. तुझी आक्का म्हणते, मला काही ठाऊक नाही. आणि गाव! गावाला राग यावा ना? सगळे पोट धरून हसत आहेत. येसाजींना इतके हसताना मी कधी पाहिले नव्हते.

लाकूड गुरुवारपर्यंत जागच्या जागी आले नाही, तर मी पोलादपूरला साहेबांकडे जाईन आणि काय झाले ते सगळे सांगेन. मग जोडशाळा राहील बाजूला आणि तुझी नोकरीही.

मालोजी


कोंडमाथा,
ता. २४ मार्च १९६४

ती. भावोजींस,
शि. सा. नमस्कार.

आता थट्टा करत नाही.

ते साग कशासाठी तासले होते ते मला समजले होते. कसे समजले ते विचारू नये. माझा बेत असा होता की शिमग्याच्या नावाखाली लाकूड वर आणायचे आणि होळीच्या माळाऐवजी शाळेच्या जोत्यावर टाकायचे. चाल म्हणून आपल्याला बोलता आले नसते आणि चार दिवसांत खोली उभी राहिली असती. पण आपण स्वतः वासा खांद्यावर घेऊन सरळ माळावर नेलात. तुमच्यामागे ढोल गेला आणि ढोलामागे गाव. सगळे लाकूड होळीत जाऊन पडले.

काल मी ते काढायला गेलो तर हैबती गावकर आडवे आले. "व्हळीला लाकूड दिलं की व्हळीचं. घराला लावलंस तर जननी आई घर ठेवायची नाय." गावकीत मी हात जोडले. कोणी ऐकेना. ज्यांनी जोत्याचे दगड वाहिले तेच लोक आता मान हलवतात. लाकूड परत करता येत नाही आणि वापरताही येत नाही. शुक्रवारी ते जळणार.

म्हणजे माझी शाळा गेली आणि आपले साग गेले. शहाणपणा करायला गेलो आणि पुरता फसलो. मुले रोज जोत्यावर जाऊन बसतात आणि खोलीत कोण कुठे बसणार यावर भांडतात. मला ते पाहवत नाही, मी दुसरीकडे बघतो.

साहेबांकडे जायचे तर जावे. मी नाकारणार नाही. फक्त जोते गावाने स्वतः बांधले आहे, तेवढे त्यांना सांगावे.

आक्का माहेरपणाला काल पोचली. रंगपंचमीपर्यंत राहील.

आपला,
सयाजी


कोंडमाथा,
धुळवड

अहो,

नमस्कार. नाव लिवत नाय, तुमचं तुमाला ठावं हाय. हे कुणाकडनं लिवून घेतलं म्हणून बघत बसू नका. अक्षर माझंच हाय. तुमच्याच वर्गातलं हाय, तवा चूक असंल तर मास्तराची.

काल व्हळी लागली. तुमचे खांब नि वासे भवतीनं उभे केले हुते. सयाजी देवळाच्या पायरीवर तोंड पाडून बसला. पोरां गप. शिमग्याला गप बसलेली पोरां मी जन्मात बघितली नाय. व्हळी पेटली, बोंब झाली, सगळ्यांनी नारळ टाकले. मग नेहमीसारखे बाप्ये काठ्या घेऊन नारळ भाईर ओढायला लागले. तवा मी पुढं झाले.

मी इचारलं, "हैबतीकाका, नारळ व्हळीला वाह्यला, मग भाईर कशापायी काढता?"

काका बोलला, "परसाद हाय गो. आईला पावला, आता घरोघर न्यायचा."

मी बोलले, "मग वासे बी पावले. बघा, बुडाला विस्तव लागला सगळ्यांच्या. नारळाचा परसाद हुतो, मग वाशाचा का नाय? नि आईच्या पडवीत रोज बसणारी पोरां हायत, त्यांनी परसाद न्यायचा नाय तर कुणी न्यायचा?"

काका दाढी खाजवायला लागला. इकडं जाळ वर चढतोय. मग रंगूबाई वराडली, "हैबत्या, इचार सावकाश कर, पण आधी वासं काढ!"

काका स्वतः आकडी घेऊन धावला. मग अख्खा गाव तुटून पडला. बायांनी हांडे ओतले. महिपतची एक मिशी गेली, बाकी कुणाला काय झालं नाय. खांबांची बुडं काळी झालीत, वरचं साग होतं तसं हाय. काका आता सगळ्यांना सांगतोय की जळकं बूड मातीत पुरलं की वाळवी लागत नाय, पयले लोक मुद्दाम जाळायचे, नि ही युगत त्याचीच.

आज लोक धुळवड टाकून खड्डे खणतायत. मंगळवारी साहेब येणार. तुमी त्यांना घेऊन या. काय बोलायचं ते तुमी ठरवा, मी तुमाला शिकवीन एवढी अजून शिकले नाय. पण त्या शनवारी तुमी वासा खांद्यावर घेतलात तवा शकू माझ्या वहिनीला बोलली, "आमच्या गुरुजींनी शाळंला वासा आणला." पोरीला ठावं हुतं तो कुठनं आला. तरी ती तसंच बोलली.

माळ्यावरच्या पाटीला गोधडी बरी नाय, कसर लागंल. कुत्र्याला भाकरी घाला.

चंद्रभागा


कोंडमाथा,
ता. ३१ मार्च १९६४

ती. भावोजींस,
शि. सा. नमस्कार.

आज आपण साहेबांबरोबर तसेच खाली उतरलात, जेवायलाही थांबला नाहीत. म्हणून जे तोंडावर म्हणायचे होते ते लिहितो.

साहेब खोलीत शिरले तेव्हा काम अर्धेच झाले होते. कूड ओला, पेंढ्याचे छप्पर एका अंगाला उघडे. साहेबांनी मुलांना विचारले, "तुमचे गुरुजी कोण?" अर्ध्या मुलांनी माझ्याकडे बोट केले, अर्ध्यांनी आपल्याकडे. साहेब गोंधळले. तेव्हा शकू उभी राहिली आणि म्हणाली, "ह्ये रोजचे गुरुजी, नि ह्ये शनवारचे." आपण लगेच खिडकीकडे वळलात. तिथे अजून खिडकी नाही, नुसता कूड आहे, तरी आपण बराच वेळ बाहेर पाहत होता.

मग साहेबांची नजर वर गेली. गुलाल आणि काजळी यांच्यातून 'प. शा.' ही अक्षरे स्पष्ट दिसत होती. "हे लाकूड पळसगाव शाळेचे ना?" त्यांनी विचारले. हैबती गावकर छपराकडे पाहू लागले. महिपतने उरलेल्या मिशीवर हात ठेवला. एक शब्द आपण बोलला असता तर खोलीही गेली असती आणि मीही.

आपण म्हणालात, "होय साहेब. जोडशाळेची भेट आहे. माझ्याच बांधावरचे साग."

"आणि बुडे जळलेली का?"

"वाळवी लागू नये म्हणून, साहेब. या बाजूची जुनी पद्धत आहे. हा शेवटचा वासा तर मी स्वतः खांद्यावरून आणला."

भावोजी, आपण ते इतक्या ऐटीत म्हणालात की क्षणभर मलाही खरे वाटले, आणि मग लक्षात आले की त्यात खोटे काही नव्हतेच. साहेबांनी आपला हात हातात घेतला. तालुक्यातल्या सगळ्या जोडशाळांना आपण हे समजावून सांगावे म्हणाले. शाळा चालू ठेवतो म्हणाले, फक्त पावसाआधी दार बसवा. आणि जाताना म्हणाले, "मग पळसगावला सातवीची घाई नाही." तेव्हा मी आपल्याकडे पाहिले नाही. मला पाहवले नाही.

आपले काय गेले ते मला ठाऊक आहे. आपण ते का सोडलेत ते विचारत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते काजळीमुळे नव्हते. एवढेच लिहितो.

आपला,
सयाजी


पळसगाव,
ता. १ एप्रिल १९६४

चि. सयाजी यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. उगाच भलते अर्थ काढू नको. साहेबांसमोर माझ्या सासुरवाडीची शोभा होऊ नये म्हणून बोललो. खिडकीकडे वळलो ते उजेड कसा येतो हे पाहायला. आणि साग माझे होते, कोणाला दिले हे मला विचारणारा तू कोण?

माळ्यावरची पाटी माळ्यावरच राहील. तिच्यासाठी तुमच्या गावातल्या कोणीही येऊ नये. सातवी आज नाही तर आणखी काही वर्षांनी निघेल, आणि तोवर अक्षरे वाळून पक्की होतील.

तुझ्या आक्काचे पत्र आले. मी ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा चुका शोधायला वाचले, पण खूण करायला हात उचलला नाही. तिला सांग की घरी आल्यावर मागे बसायचे नाही, पुढे बसायचे.

शकूला सांग, शनिवारी येतो. बाकी कोणाची ते मला सापडले आहे. ज्याला ती लागते त्याची.

आता कामाचे. तुम्ही चोरी अर्धवट केलीत. त्या तिसऱ्या खोलीचे दार तेव्हा सुताराकडे होते, म्हणून ते तुमच्या हाती लागले नाही. काल ते घडून आले. सागाचे आहे, दोन फळ्यांचे. मी ते तुम्हाला देणार नाही. एकदा दिले की गाव म्हणेल, मास्तरांनी आधी लाकूड घालवले आणि आता दार वाटतात. शाळेमागे त्याच जागी उभे करून ठेवले आहे.

उद्या रंगपंचमी. मी सकाळीच महाडला जाणार आहे, येसाजींना बरोबर नेणार आहे. होळी विझली असली तरी शिमगा उद्यापर्यंत आहे, असे मीच तुझ्या मुलांना शिकवले आहे. कुत्रे बांधून ठेवतो. बिजागऱ्या आणि खिळे वेगळे आहेत, शाळेच्या मागच्या खिडकीत कागदात गुंडाळून ठेवले आहेत. घाईत ते विसरू नका.

तुझा,
मालोजी